समासातली पेन्सिल

फेरी बंद झाली की वाचनालय भरतं.
फेरो बेटांच्या दक्षिण टोकाला, व्हागुर गावात,
वारा दाराला खांदा लावून उभा असतो
आणि लोक माझ्याकडे मागतात काय,
तर वादळंच.
बुडणारी जहाजं, बर्फात उतरलेली विमानं,
सहाव्या केबिनमधलं प्रेत
आणि ऐन वेळी मुका झालेला वायरलेस.
मी म्हणते, खिडकीबाहेर फुकट आहे की!
बेकरीतली रान्वा पिठाळ हातांनी
पुस्तक पोटाशी धरते:
“बाहेरच्याला शेवटचं पान नसतं.”

या कपाटातलं प्रत्येक पुस्तक
तोराल्वुरच्या हाताखालून गेलेलं.
एकतीस वर्षं ट्रॉलरवर, आता गुडघे गेलेले,
कानामागे सुताराची पेन्सिल.
‘पुस्तकात लिहू नये’ ही पाटी मीच लावलीय,
त्याच्या खुर्चीच्या बरोबर वर.

पान चाळीस: “अशा वाऱ्यात सिगारेट पेटवून दाखवावी.”
पान त्र्याण्णव: “लाट डावीकडून आली,
मग माणूस डावीकडे कसा पडला?”
नायिका डेकवर, केस मोकळे:
“टोपी घाल, बाई.”
कप्तान मरता मरता भाषण करतो, तिथे नुसतं
“तोंडात पाणी जातं.”
खुनी कोण ते मात्र कधी फोडत नाही.
तेवढं एक पथ्य.

आता लोक गोष्टीसाठी नेतच नाहीत,
समासासाठी नेतात.
शाळामास्तर तर आधी समास वाचतो
आणि राहिलाच वेळ तर मजकूर.

मागच्या नोव्हेंबरात एक जाड कादंबरी परत आली.
दिवा जात-येत होता, मी एकटीच चाळत बसले.
सुरुवातीला नेहमीची कुरकुर:
गाठ चुकीची, महिना चुकीचा,
“कॉड मासा असा ओरडत नाही, मुळात ओरडतच नाही.”
मी हसले. पान उलटलं.

दोनशे बारा.
पालथी होडी, एक दोर, दोन भाऊ.
दोर पेलणार एकालाच.
एक मूठ उघडायला लेखकाने तीन पानं घेतलीत.
समास कोरा.
पुढच्या पानाचाही कोरा.
दोनशे चौदावर, एका शब्दाला लागून,
पेन्सिलचं टोक टेकवून कुणी बराच वेळ बसावं
तसा ठिपका,
पार खालच्या दोन पानांत उतरलेला.
शब्द होता ‘सोडला’.
‘सुटला’ नव्हे.

गावाला ठाऊक तेवढंच मला ठाऊक.
त्याला धाकटा भाऊ होता, हेइनी.
चर्चमधल्या नावांत वरून सातवा.
एका फेब्रुवारीत दोघं गेले, एक आला.
पुढचं विचारायची आमच्यात रीत नाही.
कड्यावरून मेंढी गेली तरी आम्ही
आधी हवेचं बोलतो.

दुसऱ्या दिवशी तो आला. आम्ही हवेचं बोललो.
ओला कोट काढला नाही, बसलाही नाही.
“त्या जाड्या पुस्तकाचा लेखक कुठला?”
मी मलपृष्ठ वाचून दाखवलं:
डोंगरातलं शहर, समुद्र दोन दिवसांवर,
पोहता येत नाही म्हणून गमतीने लिहिलंय.
फोटोतला माणूस गुबगुबीत, मांडीवर मांजर.
तोराल्वुर त्या मांजराकडेच बघत राहिला.
“मग याला सांगितलं कुणी?”

मी काही बोलले नाही.
त्यालाही उत्तर नको असावं,
कारण तो दारापर्यंत जाऊन वळला
आणि विमानांचं काही नवं आलंय का, म्हणाला.
दोन दिलीत. एक फार वाईट आहे.

यादीत पुढचं नाव रान्वाचं.
मी खोडरबर काढलं,
ठिपक्यावर धरलं, परत खणात ठेवलं.
तारखेचा शिक्का मारला.
उद्याही फेरी नाही म्हणे.